सीव्हीतली शेवटची ओळ

लॉच्या शेवटच्या वर्षाला सीव्ही कसा लिहावा याचे सल्ले फुकट आणि भरपूर मिळतात. त्यात ब्लॉगचा विषय निघाला की सल्लागारांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, बिनधास्त लिही, लिहितेस ते दिसलं पाहिजे. दुसरा म्हणतो, या धंद्यात तोंड बंद ठेवणाऱ्यालाच लोक कागद देतात, ती ओळ काढ. गंमत अशी की दोन्हीकडच्या बहुतेकांनी स्वतः कधी ब्लॉग चालवलेला नव्हता. मी चालवत होते, मराठीत आणि स्वतःच्या नावाने. अर्ज करायची वेळ आली तेव्हा त्याचं काय करायचं ते मलाच ठरवावं लागलं.

ब्लॉगवर मोठे घटनात्मक प्रश्न नव्हते. चेक परत आला तर नोटीस कधी पाठवायची, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला नाही तर काय होतं, बिल्डरने ताबा लांबवला तर व्याज कसं मागायचं, पोटगीचा अर्ज कुठे करायचा, असले विषय. आम्ही शिकत होतो इंग्रजीत, निकाल वाचत होतो इंग्रजीत, आणि ओळखीचे लोक प्रश्न विचारत होते मराठीत. त्यांना दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं, एवढाच त्यामागचा विचार.

लपवण्याचा मार्ग तसा नव्हताच. माझं नाव गूगलवर टाकलं की कॉलेजच्या मूट कोर्टाच्या (सरावाच्या खटल्याच्या) फोटोआधी ब्लॉग वर यायचा. त्यामुळे ‘कळू द्यायचं की नाही’ हा वाद माझ्यापुरता निकाली निघालेला होता. ठरवायचं होतं ते इतकंच, की त्यांना तो आपला आपण सापडू द्यायचा की मी बोट दाखवून दाखवायचा. आपला आपण सापडला तर तो छंद ठरतो. सीव्हीत लिहिला की ‘हे माझं काम आहे, यावर मला विचारा’ असं मी लेखी देते. माझा एक वर्गमित्र टोपणनावाने लिहायचा आणि न्यायाधीशांच्या भाषेची मस्त टर उडवायचा. त्याने विचार केला, आणि सीव्हीत ब्लॉग टाकला नाही. टोपणनाव आणि सीव्ही दोन्ही एकाच वेळी सांभाळता येत नाहीत, हे त्याचं गणित बरोबर होतं.

मी बोट दाखवायचं ठरवलं आणि मग स्वतःचाच ब्लॉग मुलाखत घेणाऱ्याच्या नजरेने वाचायला बसले. अर्जांपेक्षा जास्त वेळ त्यातच गेला, आणि त्याबद्दल कोणीच काही सांगितलेलं नव्हतं म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

पहिलं काम कलमांचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि माझ्या त्याआधीच्या लेखांत सगळीकडे 420, 498अ, 125, 65ब असे आकडे पसरलेले होते. फसवणूक आता 318(4) मध्ये आहे, पोटगी नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 मध्ये, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र साक्ष्य अधिनियमाच्या 63 मध्ये. यात सर्वांत घातक आकडा 482. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घ्यायला जातात ते. नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. म्हणजे जुना लेख तसाच ठेवला तर तो नुसता शिळा राहत नाही, वाचणाऱ्याला भलत्याच अर्जाकडे पाठवतो. बरं, जुने आकडे पुसूनही चालत नाही, कारण 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते आणि असे खटले अजून चालू आहेत. म्हणून दोन्ही आकडे ठेवले आणि प्रत्येक लेखाच्या डोक्यावर ‘या तारखेच्या कायद्यानुसार’ अशी ओळ घातली. कंटाळवाणं काम होतं. पण नवीन संहितांची तयारी म्हणून त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी केलं नाही.

दुसरं काम लोकांच्या ओळखीचं. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, पूर्वी 228अ होतं, आता न्याय संहितेचं 72, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पॉक्सोच्या 23 व्या कलमात मुलांसाठी तशीच मनाई आहे. आणि निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं की नाव गाळलं म्हणजे भागत नाही, ज्यावरून ओळख पटू शकेल असं दूरान्वयानेही काही छापायचं नाही. निकालांवरच्या लेखांत गाव, नातं, शाळेचं वर्णन असं काही राहिलं आहे का ते एकेक वाक्य लावून पाहिलं. निकालात छापलेलं असलं तरी माझ्या लेखात ते असायची गरज नव्हती.

तिसरं काम लेखाखालच्या प्रश्नांचं. लोक आपली अख्खी कहाणी लिहायचे: भावाने सही करून घेतली, आता काय करू. सर्वसाधारण माहिती देणं वेगळं आणि एका माणसाला त्याच्या प्रकरणात काय करावं हे सांगणं वेगळं. ए. के. बालाजी प्रकरणात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, कोर्टाबाहेरचा सल्लाही त्यात येतो. आणि अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे वकिली करायला सनद लागते, ती तेव्हा माझ्याकडे नव्हती. मी अशा प्रश्नांना ‘जवळच्या वकिलांना किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला भेटा’ एवढंच ठराविक उत्तर द्यायचे. अर्ज सुरू होण्याआधी प्रश्नांची सोयच बंद केली.

आणि मग नियम 36. बार कौन्सिलच्या या नियमाप्रमाणे वकिलाला काम मागता येत नाही आणि जाहिरात करता येत नाही, थेट नाही आणि आडवळणानेही नाही. 2008 च्या दुरुस्तीनंतर वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकी माहिती ठेवता येते, पण त्यापलीकडे नाही. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या ऑनलाइन जाहिरातींवर कडक आदेश दिला आणि त्यानंतर बार कौन्सिलनेही पाठोपाठ सूचना काढल्या, तेव्हापासून सगळेच याबाबत जास्त जागे आहेत. विद्यार्थिनीला नियम 36 लागू नाही, हे खरं. पण जिथे अर्ज करायचा ती सगळी माणसं त्या नियमाखाली आयुष्य काढलेली, त्यांच्या नाकाला वास लगेच येतो. माझ्या ब्लॉगवर ‘सल्ल्यासाठी संपर्क’ असं काही नव्हतं. पण ‘इतक्या वाचकांनी वाचलं’ असा एक फिरता आकडा कोपऱ्यात होता, तो काढला. वाचकसंख्या सीव्हीत लिहायचाही मोह होतो. लिहू नये. तो आकडा नोकरी देणाऱ्याला तुमच्या कायद्याच्या जाणीवेबद्दल काही सांगत नाही, प्रसिद्धीच्या हौसेबद्दल मात्र बरंच सांगतो.

उलट बाजूही त्याच नियमांत आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. नियम 51 वकिलाला कायद्याची पुस्तकं संपादित करायला, विद्यार्थ्यांना शिकवायला, जाहिरात आणि पूर्णवेळ नोकरीबाबतचे निर्बंध पाळून पत्रकारिता करायला, व्याख्यानं द्यायला मुभा देतो. म्हणजे लिहिणारा वकील हा काही नियमबाह्य प्राणी नाही. भारतात पेटंट-कॉपीराइटवरचा ‘स्पायसी आयपी’ हा ब्लॉग शमनाद बशीर यांनी 2005 मध्ये सुरू केला आणि तो त्या क्षेत्रातली माणसं कामासाठी वाचतात. मी काही त्या पंगतीतली नाही. पण मुलाखतीत कोणी ‘ब्लॉग म्हणजे टाइमपास’ असं म्हणालंच, तर डोक्यात काहीतरी असावं म्हणून हे उदाहरण ठेवलं होतं. कोणी म्हणालं नाही.

आता ती ओळ. पहिल्या मसुद्यात मी ‘पब्लिकेशन्स’ या शीर्षकाखाली ब्लॉगची लिंक टाकली होती. कॉलेजच्या प्लेसमेंटच्या मॅडमनी ती तिथून उचलून खाली टाकायला लावली. त्यांचं म्हणणं, पब्लिकेशन म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तपासून, स्वीकारून छापलेलं. ब्लॉगवर संपादकही तूच आणि लेखकही तूच. शिवाय कोणी लिंक उघडून दीडशे लेखांतून चांगला शोधत बसणार नाही, समोर येईल तो वाचेल, आणि समोर येतो तो सर्वांत नवा, सर्वांत चांगला नव्हे. म्हणून शेवटी ‘इतर लेखन’ असं शीर्षक, त्याखाली एकच ओळ: ‘चेक अनादराच्या तक्रारींतील मुदती, मराठीतून दिवाणी व फौजदारी प्रक्रियेवरील लेखांपैकी एक, सोबत जोडला आहे.’ लेख पीडीएफ करून जोडला. ब्लॉगचा पत्ता लेखाच्या तळाला, बारीक.

सगळीकडे मात्र तोच लेख पाठवला नाही. जिथे जे काम चालतं तिथे त्या कामाचा.

एका मध्यम आकाराच्या लॉ फर्ममध्ये चेकचाच लेख गेला होता. मुलाखतीला दोन पार्टनर, पैकी मॅडमच्या हातात त्याची छापील प्रत, पिवळ्या मार्करने रंगवलेली. मला वाटलं होतं, ‘छान लिहिता’ वगैरे होईल आणि मग खरी मुलाखत सुरू होईल. खरी मुलाखत म्हणजे तो लेखच होता.

लेखात साधी गोष्ट होती. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे, ते आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. मोजताना पहिला दिवस धरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये साकेत इंडियाच्या निकालात सांगितलं आणि 2013 मध्ये पुन्हा पक्कं केलं. मॅडम म्हणाल्या, “पंधरा दिवस पूर्ण व्हायच्या आधीच तक्रार दाखल झाली. मॅजिस्ट्रेटने दखल घेतली तेव्हा मात्र पंधरा उलटून गेले होते. टिकते?” नाही टिकत, मी म्हणाले, योगेंद्र प्रताप सिंग, 2014. “मग अशिलाचे पैसे बुडाले?” नाही, त्याच निकालात वाट दिली आहे, त्या खटल्याचा निकाल लागल्यापासून एका महिन्यात नव्याने तक्रार करता येते, उशीर माफ झाल्याचं धरतात. “नोटीस परत आली, पाकिटावर पोस्टमनचा शेरा, घर बंद. पंधरा दिवस कधीपासून?” इथे अलवी हाजी, 2007. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली असेल तर पोहोचली असं गृहीत धरलं जातं, आणि मिळालीच नाही म्हणणाऱ्याला समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरून सुटायची संधी असते. मॅडम थांबायला तयार नव्हत्या. चेक कंपनीचा असेल तर? सही करणारा आता संचालक नसेल तर? नोटीस कोणाकोणाला? लेख केव्हाच मागे पडला होता. एका प्रश्नाला मी ‘पाहून सांगते’ म्हणाले आणि त्यांनी मान हलवून पुढे जाऊ दिलं.

सीव्हीत दुसरं काही छापलं असतं तर त्यांनी करार, पुरावा, कंपनी कायदा असा कुठूनही प्रश्न विचारला असता. ब्लॉग जोडून मी त्यांच्या हातात प्रश्नपत्रिका दिली होती आणि त्यातला एकही प्रश्न ऑप्शनला टाकायची सोय स्वतःहून घालवली होती. तोटा म्हणावा तर तोटा. मला तो सौदा परवडला, कारण त्या कलमावर मी महिनोन्‌महिने घासले होते. ज्याने एका रात्रीत चार निकालांची हेडनोट (वर छापलेला सारांश) वाचून लेख टाकला आहे त्याने तो जोडू नये, एवढं मी आता छातीठोकपणे सांगते.

दुसऱ्या पार्टनर सरांना 138 मध्ये, म्हणजे चेक परत येण्याच्या त्या कलमात, रस नव्हता. त्यांनी शेवटी शांतपणे विचारलं, “इंटर्नशिप केली तिथल्या मॅटरवर कधी काही लिहिलंय?” नाही. “नाव बदलूनही नाही?” नाही. “का?” मी म्हणाले, अशील वकिलाला सांगतो ते बाहेर न्यायचं नाही हे बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या 126 मध्ये होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या 132 मध्ये आहे, आणि ते वकिलाच्या कारकुनांना आणि नोकरांनाही लागतं, इंटर्न काही त्याहून वेगळी नाही. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. माझा अंदाज, ते लेख वाचून आलेच नव्हते. त्यांना एवढंच पाहायचं होतं की ही मुलगी उद्या आमच्या ऑफिसातलं काही बाहेर लिहील का. ब्लॉग असलेल्या प्रत्येक उमेदवाराबद्दल ही शंका असतेच. ती स्वतःहून विचारली गेली हे चांगलं, कारण बऱ्याच ठिकाणी ती न विचारताच मनात ठेवून नकार येतो.

एका बांधकाम कंपनीच्या लीगल विभागात गोष्ट वेगळी झाली. तिथे मी कराराच्या नोंदणीवरचा लेख जोडला होता: लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55, आणि लेखी, नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. सोवळा लेख. पण समोरच्या गृहस्थांनी ब्लॉग उघडून दुसराच काढला होता, ताब्याला उशीर झाल्यावर रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवरच्या कायद्याच्या) कलम 18 प्रमाणे घर घेणाऱ्याला काय मिळतं त्यावरचा. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह परतावा, राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज, महाराष्ट्रात तो दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर (निधीच्या खर्चावरून ठरणारा कर्जाचा किमान दर) दोन टक्के. परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, हे न्यूटेक प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, तेही लेखात होतं.

ते म्हणाले, “उद्या आमच्याच एखाद्या ग्राहकाने आमच्याच लीगल ऑफिसरचा हा लेख नोटिशीला जोडला, तर मी मॅनेजमेंटला काय सांगू?”

मी म्हणाले, लेख जोडला काय आणि न जोडला काय, कलम 18 तेच राहतं. ते हसले, चहा मागवला, आणि पुन्हा फोन आला नाही. मला त्यात अन्याय वाटला नाही. त्यांच्या खुर्चीवरून प्रश्न रास्त होता. कायद्याच्या दृष्टीने माझं उत्तर बरोबर होतं, पण त्यांनी कायदा विचारलाच नव्हता. सगळा ब्लॉग एका पत्त्यावर असतो. तुम्ही कितीही निवडून एक लेख जोडा, बाकीचे लेख त्याच्या मागोमाग खोलीत येतात. आणि कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवावी लागते. तेव्हा नियम 36 चा धाक जाऊन त्या जागी अपॉइंटमेंट लेटरमधली कलमं येतात, आणि ती जास्त कडक असतात.

जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनियर म्हणून विचारायला गेले, तेव्हा मी लिंकबद्दल बोलायला लागले तर त्यांनी हातच वर केला. “छापून आण.” दुसऱ्या दिवशी छापून नेला. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि पहिला परिच्छेद सरळ आडवा मारला.

“दाव्यात प्रस्तावना नसते. आधी कोण, मग काय झालं, मग कधी झालं. जज्जाला बोर्डावर शंभर मॅटर आहेत.”

मी म्हणाले, सर, हा दावा नाही, लेख आहे. “वाचणारा तोच आहे, त्यालाही वेळ नाही.” मग पुढची पानं त्यांनी न बोलता वाचली. एका ठिकाणी ‘सबब’ लिहिलं होतं तिथे टिक केली, एका ठिकाणी वाक्य तोडून दोन केली. महाराष्ट्रात 1998 पासून जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी. दावा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर), शपथपत्र हे सगळं तालुक्याच्या कोर्टात मराठीत लागतं आणि इंग्रजीत शिकून आलेल्या नव्या वकिलांची तिथे फे फे उडते. सरांना माझे निकालांवरचे विचार नको होते. मला मराठीत सलग दोन पानं अर्थ न बिघडवता लिहिता येतात का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी एका जमिनीच्या वादाच्या घटना तोंडी सांगितल्या आणि तिथेच बसून कैफियतीचे दोन परिच्छेद लिहायला लावले. लिहून झाल्यावर म्हणाले, “सोमवारपासून ये. पैसे फार मिळणार नाहीत.” त्या सगळ्या काळात ब्लॉगचा एवढा सरळ, एवढा फायद्याचा उपयोग दुसरीकडे कुठे झाला नाही.

एका उच्च न्यायालयातल्या लॉ क्लार्कच्या जागेसाठीही अर्ज केला होता. तिथल्या मुलाखतीत मी केलेली निकालांवरची टीका निघणार हे उघड होतं आणि ती निघाली. न्यायालय अवमान कायदा 1971, कलम 5: अंतिम निकाल झालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरची रास्त टीका हा अवमान नाही. मला वाटलं यावर घोळ होईल. झाला नाही. ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना टीकेचं काहीच वाटलं नाही, एक लेख तर त्यांनी मुद्दा पटल्यासारखा वाचून दाखवला. मग एकच प्रश्न: “निवड झाली तर याचं काय करणार?”

बंद ठेवीन, मी म्हणाले. “पूर्ण?” पूर्ण. ज्यांच्यासाठी मसुदे वाचायचे, निकालांचं संशोधन करायचं, त्यांच्यासमोर उद्या कोणता प्रश्न येईल हे मला माहीत नसणार, आणि आज लिहिलेला कुठलाही लेख उद्या कुणाला तरी न्यायाधीशांच्या दालनातला सुगावा वाटू शकतो. निवड झाली नाही, प्रतीक्षा यादीत नाव राहिलं आणि यादी तिथेच संपली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला, कारण पुढे तोच वेगळ्या कपड्यांत आला.

फर्मने ऑफर दिली. जिल्हा न्यायालयातल्या सरांच्या चेंबरचा मोह होता, तरी मी फर्म घेतली. कारण पगार, यात लाजण्यासारखं काही नाही. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानांत कलम होतं: फर्मच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणतंही लेखन प्रसिद्ध करता येणार नाही. ज्या लेखाच्या जोरावर त्यांनी मला घेतलं, तसा पुढचा लेख लिहायला आता मला त्यांनाच विचारावं लागणार होतं. माझे मित्र चिडले. मला कारण समजत होतं. उद्या फर्म एखाद्या घरमालकाच्या बाजूने उभी असेल आणि फर्मच्याच असोसिएटने भाडेकरूची बाजू कशी भक्कम आहे हे सविस्तर लिहिलेलं असेल, तर समोरचे वकील ते कोर्टात वाचून दाखवायला मागेपुढे पाहणार नाहीत. अशिलाला ते समजावताना पार्टनरांची त्रेधा उडेल.

तरी मी ते कलम तसंच सही करून दिलं नाही. सही करण्याआधी एक पानाचा ईमेल लिहिला आणि तीन गोष्टी मागितल्या. जुने लेख, तारखेच्या ओळीसह, जसे आहेत तसे राहतील. नवीन लेख फक्त प्रक्रियेवर असतील: मुदती, नमुने, कुठल्या अर्जाला काय जोडायचं. कोणाची बाजू घेणारं काही नाही, फर्मच्या किंवा समोरच्या पक्षाच्या प्रकरणाला स्पर्श करणारं काही नाही. आणि परवानगीचं उत्तर ठराविक दिवसांत मिळावं, नाहीतर लेख शिळा होतो. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. तिसरीवर मॅडमनी लिहिलं, ‘उत्तर देण्याचा प्रयत्न करू’, आणि आजवरचा अनुभव असा की प्रयत्न त्या करतात, पण ज्या आठवड्यात बोर्ड भरलेला असतो त्या आठवड्यात लेख पडून राहतो. निकालांवर लिहिणं बंद झालं. त्याची चुटपुट लागते, विशेषतः एखादा निकाल वाचून बोटं शिवशिवतात तेव्हा. तेव्हा मी तो फर्ममधल्या अंतर्गत टिपणात लिहिते. ते पाचसहा जण वाचतात आणि त्यातला एकजण नेहमी कलम तपासून चूक काढतो, ही सोय ब्लॉगवर नव्हती.

आता इंटर्नशिपचे अर्ज माझ्याकडे येतात. ब्लॉग असलेले बरेच असतात, इंग्रजीतले जास्त. लिंक मी उघडते. आधी तारीख पाहते, मग लेखात 482 कुठे आला आहे का ते शोधते, आणि सापडला तर तो जामिनाचा आहे की अंगभूत अधिकारांचा हे लेखकाने सांगितलं आहे का ते बघते. नंतर पीडितेच्या ओळखीचं, नंतर आधीच्या इंटर्नशिपमधल्या ‘एका रंजक प्रकरणात’ अशा सुरुवातीचं वाक्य. ते वाक्य दिसलं की अर्ज मॅडमपर्यंत जात नाही. बाकी सगळं ठीक असेल तर त्याच लेखावरचे प्रश्न लिहून काढते आणि मुलाखतीच्या दिवशी छापील प्रत घेऊन बसते, मार्करसकट.